ट्रिगर अडला की आधी स्टॉक काढा

जुलै लागला की आमच्या रेंजवर एक वाक्य ठरलेलं असतं. "ताई, ट्रिगर परत येईनाच झालाय." सांगणारा बारावीतला मुलगा किंवा मुलगी. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात अ‍ॅलन की. म्हणजे गडी आधीच कामाला लागलेला.

"किती स्क्रू फिरवलेस?"

"तीनच."

"कुठला किती?"

यावर जे मौन पसरतं, तिथून माझं काम सुरू होतं. मूळ बिघाड काय होता ते शोधण्याआधी त्या तीन स्क्रूंनी घातलेला गोंधळ निस्तरावा लागतो. आणि तो निस्तरल्यावर बहुतेक वेळा असं निघतं की ट्रिगरला काही झालेलंच नव्हतं. कुठे लाकूड फुगलेलं, कुठे लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेलेला, कुठे गार्ड वाकून चापाला टेकलेला. ट्रिगर युनिट हा रायफलचा सगळ्यांत काळजीने बनवलेला भाग असतो. त्याच्या शेजारीपाजारी काय चाललंय ते बघायच्या आधीच आपण त्यालाच खोलायला घेतो.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिक ब्राँझ आणल्यापासून कोल्हापूर भागात घराघरातून 'पोराला नेमबाजीला घालू' सुरू झालंय. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या मॅच रायफलीही खूप फिरू लागल्यात. आधीच्या मालकानं काय काय केलंय याचा पत्ता नसतो. हा लेख मुख्यतः अशा रायफली वापरणाऱ्यांसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि लहान क्लबांमध्ये 'बघ जरा काय झालंय' असं ज्यांना सांगितलं जातं त्यांच्यासाठी आहे.

मी बोलतेय ते १० मीटरच्या एअर रायफलबद्दल. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. मॅच रायफल तर साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. पॉइंट टू-टू रायफलची गोष्ट वेगळी. कुसाळेचा ५० मीटर थ्री पोझिशन हा प्रकार त्याच रायफलीचा. ते परवान्याचं शस्त्र आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार अशा शस्त्राची दुरुस्ती करायलाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा पॉइंट टू-टूचा चाप अडला तर स्टॉकचे स्क्रू, धूळ आणि ब्लेडची, म्हणजे चापाच्या बोट टेकतं त्या पट्टीची, जागा एवढं मॅन्युअलच्या मर्यादेत बघा. पुढचं काम परवानाधारक कारागिराचं.

आता ट्रिगर एवढ्या तेवढ्यानं का अडतो, ते. स्पर्धेच्या एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. तिच्या चापाचं वजन मात्र बहुतेक जण ५० ते १०० ग्रॅमच्या दरम्यान ठेवतात. एक अंडं साधारण ५५-६० ग्रॅमचं. म्हणजे एवढी जड वस्तू सुटते ती एक-दीड अंड्याच्या वजनानं. त्या चापाला बाजूनं लाकडाची कड नुसती शिवली तरी बोटाला ते घर्षण निम्म्या वजनाएवढं भासू शकतं. समोर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. बोट ज्या क्षणाची वाट बघतं तो क्षण दर वेळी वेगळ्या ठिकाणी यायला लागला, तर कितीही चांगला नेम धरा, गोळी नऊला जाऊन बसते.

हात लावण्याआधी

पेलेट काढा, लिव्हर उघडा, नळीतून सेफ्टी फ्लॅगची दोरी आरपार घाला. मग हवेचा सिलिंडर काढा. सिलिंडर काढला म्हणजे रायफल रिकामी झाली, असं समजू नका. आत एखाद-दुसऱ्या शॉटपुरती हवा राहते. दोरी क्षणभर काढून, नळी पेलेट ट्रॅपकडे धरून ती हवा सोडून द्या आणि दोरी परत घाला. घरी ट्रॅप नसेल तर हे काम घरी करूच नका, रेंजवर करा. खोलीत दुसरं कोणी असेल तर त्यालाही सांगा की मी आता हे करतोय. आणि टेबलावर पेलेटची डबी नको, ती दुसऱ्या खोलीत.

मोबाइल काढा आणि फोटो घ्या. डावीकडून, उजवीकडून, खालून, ब्लेड जवळून. आपल्याकडे जेवणाच्या ताटाचे फोटो निघतात, स्क्रूचे निघत नाहीत. परत जोडताना आठवण दगा देते, फोटो देत नाही.

खाली जुना पांढरा पंचा पसरा. वर्तमानपत्र नको, त्याच्या छपाईत काळी बारीक स्प्रिंग हरवते. स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं, त्याच दिशेनं ओळीत ठेवा.

पहिली कसोटी

सगळ्या तपासणीत मला एकच पायरी सांगायची मुभा असेल तर मी ही सांगेन. रायफल स्टॉकमधून बाहेर काढा आणि नुसत्या अ‍ॅक्शनवर, म्हणजे स्टॉकशिवायच्या यंत्रणेवर, ट्रिगर चालवून बघा. मॅच रायफलीत सरावासाठी ड्राय फायरची सोय असते. त्यात हवा सुटत नाही, फक्त ट्रिगर कॉक होतो. त्या स्थितीत पंधरा-वीस वेळा चाप ओढा.

चाप आता नीट चालला, सुटला, परत आला, तर ट्रिगर निर्दोष आहे. गुन्हेगार स्टॉक, गार्ड किंवा स्क्रू. बाहेर काढूनही तोच त्रास असेल तर दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. पाच मिनिटांत अर्धी शक्यता निकाली निघते. पण हे पाच मिनिटांचं काम कोणी करत नाही, कारण स्टॉक काढणं म्हणजे 'मोठं काम' वाटतं आणि बाहेरून दिसणारा अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू फिरवणं सोपं वाटतं.

याचीच पुढची पायरी रायफल परत बसवताना करायची. स्टॉकचे स्क्रू एकदम आवळू नका. हातानं टेकवा, चाप ओढा. अर्धे आवळा, चाप ओढा. पूर्ण आवळा, चाप ओढा. ज्या टप्प्यावर चाप बिघडतो तो टप्पा उत्तर सांगून जातो. अर्ध्या आवळीवर ठीक आणि पूर्ण आवळल्यावर अडकतो, याचा अर्थ आवळल्यामुळे काहीतरी कशालातरी टेकतंय. पुढचा स्क्रू आवळल्यावर बिघडला की मागचा, हेही लिहून ठेवा.

लाकूड

पावसाळ्यात घराचं दार चौकटीला घासतं, कपाट उघडत नाही. लाकडी स्टॉकचं तेच होतं. बाहेरून स्टॉकला लॅकर असतं, पण ट्रिगरसाठी आत कोरलेल्या खाचेला बहुधा काही लावलेलं नसतं. दमट हवेत तिथलं उघडं लाकूड पाणी पितं, फुगतं, खाचेच्या कडा आत सरकतात. कोकणातल्या आणि आमच्या राधानगरीकडच्या मुलांच्या रायफली जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा त्रास देतात आणि दिवाळीनंतर आपोआप शहाण्या होतात.

कुठे घासतंय ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी माझ्याकडे काजळाची डबी असते. ट्रिगर युनिटच्या कडांना आणि ब्लेडच्या वरच्या भागाला बोटानं काजळाचा अगदी पातळ हात द्यायचा, रायफल स्टॉकमध्ये बसवून स्क्रू आवळायचे, दोन-चार वेळा चाप ओढायचा, परत काढायचं. जिथे लाकडावर काळा डाग उमटला तिथेच टेकतंय. डोळ्यांत घालायचं काजळ मऊ असतं, पुसलं की निघतं. काम झाल्यावर ते पूर्ण पुसायचं मात्र, नाहीतर तेच धूळ धरून बसतं.

डाग दिसला की लगेच पॉलिश पेपर हातात घेऊ नका. आधी स्टॉक चार-पाच दिवस कोरड्या खोलीत, पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, उन्हात लाकूड तडकतं नाहीतर पिळवटतं. वाळल्यावर पुन्हा काजळ लावून बघा. अजूनही टेकत असेल तर ३२० नंबरचा पेपर आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून डागाच्या जागी चार-सहा हात मारा आणि परत तपासा. खाचेतलं लाकूड कमी झालेलं दिसत नाही, पण होतं. शेवटी त्या उघड्या लाकडाला लॅकरचे दोन पातळ हात द्या. हे केलं नाही तर पुढच्या जुलैला पुन्हा भेटू.

एक जागा मात्र वर्ज्य. अ‍ॅक्शन जिथे स्टॉकवर टेकून बसते, त्या बैठकीला पेपर लावायचा नाही. ट्रिगरची खाच मोठी झाली तर बिघडत नाही. बैठक बिघडली तर रायफल स्टॉकमध्ये डुलायला लागते, आणि मग त्याचं खापरही ट्रिगरवर फुटतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला फुगण्याचा त्रास नाही. त्याचे त्रास वेगळे. ग्रिप बदललेली असते, वजनं लावलेली असतात, आणि त्यातला एखादा स्क्रू आतून अर्धा मिलिमीटर जास्त डोकावून ट्रिगरच्या तरफेला भिडतो. गेल्या वर्षी एका मुलीच्या रायफलीत हेच निघालं. ग्रिप बदलली त्या दिवसापासून ट्रिगर बिघडला होता, पण ग्रिप आणि ट्रिगर यांचा संबंध असेल असं तिच्या किंवा माझ्याही डोक्यात दोन दिवस आलं नाही. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न 'काय होतंय' हा नसतो, 'बिघडण्याआधी शेवटचं काय बदललं' हा असतो.

स्क्रूची अदलाबदल

स्टॉकचे दोन स्क्रू पुष्कळदा सारख्याच आट्यांचे, सारख्याच डोक्याचे आणि वेगळ्या लांबीचे असतात. पुढचा लांब, मागचा आखूड, किंवा उलट. सफाईनंतर अदलाबदल झाली तर आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि लांब स्क्रू वर जाऊन नको तिथे टेकतो. लांब स्क्रूचं टोक ट्रिगरच्या हलत्या भागापर्यंत पोहोचलं तर चाप मध्येच अडतो, नाहीतर कॉकच होत नाही. इथे जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि पन्नास पैशांच्या चुकीला हजारांचा खर्च येतो.

ओळखायची खूण सोपी आहे. स्क्रू बोटांनी फिरवत आत न्या. जिथे तो टेकतो तिथे डोकं आपल्या खोबणीत पूर्ण बसलेलं असलं पाहिजे. डोकं वर राहून स्क्रू टेकला, तर तो डोक्यानं नाही, टोकानं टेकलाय. काढा.

आवळणीचा आकडा मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेला असतो, आणि क्लबनं एक छोटा टॉर्क रेंच घेऊन ठेवावा असं मी दर वार्षिक सभेत सांगते. तो नसेल तर अ‍ॅलन कीचा लांब दांडा आत घालून आखूड दांडा दोन बोटांनी फिरवायचा. मनगट लावायचं नाही. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून स्टॉकपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. एसटीच्या टपावरून किंवा रेल्वेच्या सीटखालून प्रवास केल्यावर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू हललाय.

आता आत, पण जपून

बाहेर काढूनही ट्रिगर बिघडलेलाच असेल तर सगळ्यांत आधी मळ. मळ म्हणजे धूळ अधिक तेल. नुसती धूळ फुंकरीनं जाते. तेल घातलं की तीच धूळ लेप होऊन बसते. मॅच ट्रिगरला तेल जवळपास लागतच नाही. जिथे लागतं तिथे मॅन्युअल सांगतं, आणि ते सुईच्या टोकावरचा थेंब म्हणतं, झाऱ्यानं घालायला सांगत नाही.

एका मुलाच्या घरी आजोबांनी प्रेमानं खोबरेल तेल सोडलं होतं. ऑक्टोबरभर रायफल लोण्यासारखी चालली. डिसेंबरात सकाळच्या सरावाला चाप चिकट, दुपारी ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिकट. आम्ही स्प्रिंग तपासली, स्क्रू तपासले. शेवटी वास आला तेव्हा उलगडा झाला. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, हे नाशिक-कोल्हापूरच्या बाथरूममधल्या बाटलीनं आपल्याला दर थंडीत दाखवलेलं असतं. शिलाई मशीनचं तेल थिजत नाही, पण धूळ तेही धरतं.

तेलाबद्दल एक गोष्ट जोरात सांगायला हवी. सिलिंडर, व्हॉल्व्ह, भरण्याचा पंप यांच्या आसपास साधं तेल किंवा ग्रीस अजिबात नको. २०० बारच्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. तिथे फक्त कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस.

सफाईसाठी मऊ ब्रश, कापडाची चिंधी, रबरी फुग्याची फुंकर. स्प्रेचं द्रावण युनिटवर मारू नका. मळ आणखी आत जातो आणि स्क्रू जागेवर धरणारं लॅकर विरघळतं.

युनिट काढून परत बसवलेलं असेल तर दोन गोष्टी बघा. एक, बसवताना रायफल कॉक केलेली हवी की सोडलेली, हे मॉडेलनुसार ठरतं. चुकीच्या स्थितीत युनिट बसतच नाही, किंवा बसल्यासारखं दिसतं आणि एका बाजूला केसभर फट राहते. ती फट दाबून स्क्रूनं बुजवायची नाही. काढून, स्थिती बदलून परत बसवायचं. नीट बसणारी वस्तू जोर मागत नाही. दोन, स्प्रिंगचं शेपूट. ते आपल्या खोबणीतून निसटलं असेल तर ब्लेड लोंबकळतं, पहिल्या टप्प्याला वजनच उरत नाही. हे दुरुस्त करायला चिमटा आणि भिंग पुरतं, नवी स्प्रिंग मागवायची गरज नसते.

इथे दोन टप्पे म्हणजे काय ते सांगून टाकते. चाप हलका ओढला की तो काही अंतर सहज येतो, हा पहिला टप्पा. मग एक भिंत लागते. भिंतीवर थोडा भार दिला की शॉट सुटतो, हा दुसरा. भिंत लागते त्या जागेला सगळे प्रेशर पॉइंट म्हणतात. साधारणपणे एक स्क्रू पहिल्या टप्प्याचं वजन बदलतो, एक दुसऱ्याचं, एक भिंतीची जागा, आणि एक शॉट सुटल्यावर चाप कुठे थांबावा ते. शेवटच्याला ट्रिगर स्टॉप म्हणतात. कुठला स्क्रू कुठला, हे मॅन्युअल बघितल्याशिवाय ठरवू नका, कंपन्यांनी ते आपापल्या मर्जीनं बसवलेत.

चाप ओढत राहिलं तरी शॉट सुटतच नाही, किंवा कधी सुटतो कधी नाही, तर आधी ट्रिगर स्टॉप बघा. सुटल्यावर चाप जराही हलू नये म्हणून मुलं तो शेवटपर्यंत आवळतात. सकाळी चालतं. दुपारी रायफल तापली, कणभर धूळ आली, की चाप सुटायच्या आधीच स्टॉपला टेकतो. त्याला थोडी मोकळीक लागते.

भिंतच लागत नाही, सरळ शॉट सुटतो, तर भिंतीचा स्क्रू जास्त फिरलाय. उलट भिंतीनंतरही चाप खरखरत लांब येतो, तर कमी. दोन्हीकडे उपाय एकच. मॅन्युअलमधल्या कारखान्याच्या मापावर परत जा आणि तिथून पाव-पाव आट्यानं या. फिरवण्याआधी स्क्रू किती आटे बाहेर आहे ते मोजून वहीत लिहा. एका वेळी एकच स्क्रू. प्रत्येक बदलानंतर दहा ड्राय शॉट. दोन स्क्रू एकदम फिरवले की कुणामुळे काय झालं ते देवालाही सांगता येत नाही.

लाल किंवा पिवळं लॅकर लावून बंद केलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही. ती सीअरची पकड असते, म्हणजे दोन कडा एकमेकींवर किती टेकाव्यात ते माप. आणि त्या कडांना कानस, पॉलिश पेपर, दाढीची पेस्ट यांतलं काहीही लावायचं नाही. 'घासून गुळगुळीत करतो' म्हणणारे मिस्त्री गावोगावी भेटतील. या भागांचा बऱ्याचदा वरचा पातळ थरच कडक केलेला असतो. तो गेला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं, महिनाभर ट्रिगर स्वर्गासारखा चालतो आणि मग एका सकाळी लिव्हर बंद करतानाच रायफल सुटते.

चाप बोटाला बसतोय का

ट्रिगर रायफलीत नीट बसलाय पण बोटाला बसत नाही, असंही असतं, आणि वाढत्या वयाच्या मुलांत हे फार. सहा महिन्यांपूर्वी लावलेलं ब्लेड आता बोटाच्या पेराच्या मधोमध येत नाही, सांध्याजवळ येतं. मग बोट चापाला सरळ मागे ओढायच्या ऐवजी बाजूला ढकलतं आणि मुलगा म्हणतो ट्रिगर घासतो. ब्लेड पुढे-मागे सरकवता येतं, थोडं वळवताही येतं. नेहमीच्या जॅकेट-ग्लव्हमध्ये, नेहमीच्या पोझिशनमध्ये उभं राहून हे करायचं, खुर्चीत बसून नाही. बोट स्टॉकला शिवता कामा नये. सरकवल्यावर ब्लेडचा बारीक स्क्रू आवळा, आणि ब्लेड व गार्ड यांच्यातून साध्या कागदाची पट्टी पूर्ण प्रवासभर मोकळी फिरते का ते बघा. वेळ न दवडता दुसरीही एक परीक्षा होते. तुमच्याएवढ्याच हाताच्या दुसऱ्या नेमबाजाला ड्राय करायला द्या. त्याला काहीच जाणवलं नाही, तर अ‍ॅलन की ठेवून कोचशी बोला.

वजन मोजायला महाग यंत्र नको. औषधाची रिकामी प्लास्टिकची बाटली, दोरा, वाकवलेली पेपर क्लिप. बाटली, दोरा आणि क्लिप मिळून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ४० ग्रॅम भरली, तर त्यात ४० मिलिलिटर पाणी घातल्यावर ८० ग्रॅम झाले. रिकामी रायफल ड्राय मोडमध्ये कॉक करून नळी वर अशी उभी धरा, क्लिप ब्लेडच्या मधोमध अडकवा, सावकाश उचला. सुटली तर पाणी कमी, नाही सुटली तर जास्त. पाच वेळा मोजा. पाचही वेळा आकडा दोन-तीन ग्रॅमच्या आत राहिला, तर काही घासत नाही. ६० ते ९० असा उड्या मारत असेल तर अजून कुठेतरी टेकतंय, परत काजळाकडे चला. एअर रायफलला किमान वजनाचं बंधन नाही. एअर पिस्तूलला ५०० ग्रॅमचं आहे आणि ते स्पर्धेत तपासतात, त्यामुळे घरात पिस्तूलवाला असेल तर त्याला बाटली मोठी लागेल.

शेवटची परीक्षा टाळू नका. रिकामी रायफल कॉक करून बट रबरी मॅटवर इंचभर उंचीवरून टेकवा, स्टॉकला तळहातानं थापटा, लिव्हर पाच-सात वेळा उघडबंद करा. एकदाही आपोआप सुटली, तर ती रायफल रेंजवर नेण्यालायक नाही. ड्राय मोडमध्ये सगळं ठीक आणि खऱ्या मोडमध्येच सुटत असेल, तर बिघाड ट्रिगरपलीकडे, हॅमरच्या बाजूला आहे. ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं काम.

नवशिक्यांच्या नळी मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या रायफलींना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांच्यात मोठी स्प्रिंग दाबाखाली बसवलेली असते आणि ट्रिगरच्या पिनांजवळच ती अडवलेली असू शकते. पिन ठोकून काढणाऱ्याच्या तोंडावर ती सुटते. बाहेरचे स्क्रू, मळ आणि गार्ड तपासा, पिनेला हात लावू नका. आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाल्यांनी एवढं सगळं वाचण्याआधी बॅटरी बदलून बघायला हवी होती.

राज्य स्पर्धेला बालेवाडीला किंवा वरळीला जाल तेव्हा आदल्या संध्याकाळी पोहोचल्यावर रायफल बॅगेतून काढून तासभर खोलीतल्या हवेत राहू द्या, मग नेलपॉलिशच्या रेघा बघा, आणि वीस ड्राय शॉट करा. कोल्हापूरहून गेलेलं लाकूड मुंबईच्या हवेत वेगळं वागतं. बॅगेत काजळाची डबी, कागदाची पट्टी, दोन अ‍ॅलन की आणि ती वही असू द्या. मॅचच्या सकाळी मात्र अ‍ॅलन की तिसऱ्याच कोणाच्या तरी खिशात असलेली बरी. आमच्याकडे ती माझ्या खिशात असते, आणि कोणी मागितल्याशिवाय मी देत नाही, मागितल्यावरही कारण विचारते.